शिक्षा झाली, आता अपील : इंदूरच्या मराठी घरांतून येणारे प्रश्न

मी इंदूरला फौजदारी वकिली करते. संध्याकाळी घरच्याच पुढच्या खोलीत बसते, आणि रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथून आपली माणसं येतात. घरातल्या बाईला जबर मारहाण झाली, खटला चालला, कोर्टाने नवऱ्याला दोषी धरलं, शिक्षा सुनावली. त्यानंतर आठवडाभरात आरोपीची आई येते. कधी मार खाल्लेली सूनच माहेरच्या कुणाला घेऊन येते. दोघींचं एकच प्रकरण मी घेत नाही, पण दोघींचे प्रश्न बरेचसे सारखे असतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

शब्द मी इथल्या कोर्टातलेच वापरले आहेत : पेशी (कोर्टाची तारीख), चालान (आरोपपत्र), नकल (प्रमाणित प्रत), मुलाहिजा (जखमांची डॉक्टरी तपासणी आणि तिचा कागद), फरियादी (तक्रार करणारी, जिला लागलं ती). पुण्याच्या आत्याला ते हिंदी वाटतील. वाटोत. नकल विभागाच्या खिडकीत ‘प्रमाणित प्रत’ मागितलीत तर बाबू तुमच्याकडे नुसता बघत राहील.

अपील म्हणजे खटला परत पहिल्यापासून चालतो का?

नाही. या एका गैरसमजापायी जितका पैसा आणि जितकी झोप जाते तितकी दुसऱ्या कशापायी जात नाही. अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. फरियादीला पुन्हा काही सांगावं लागत नाही आणि शेजारच्या काकूंना ‘आता खरं सांगा’ म्हणून उभंही करता येत नाही. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वर मागवलं जातं आणि वरचं कोर्ट तेच वाचतं : एफआयआर, बयानं (साक्षीदारांनी कोर्टात सांगितलेलं), उलटतपासणी, मुलाहिजा, जप्ती पत्रक, प्रदर्श पी-१ (सरकार पक्षाचा पुराव्यातला पहिला कागद) पासून शेवटपर्यंतचे कागद, आणि मग निकाल. खालच्या न्यायाधीशाने या कागदांवरून काढलेला निष्कर्ष टिकतो का, एवढंच पाहायचं असतं.

नवा पुरावा घेण्याची सोय कायद्यात आहे (जुन्या दंड प्रक्रिया संहितेत कलम ३९१, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३२), पण तो का हवा याची कारणं कोर्टाला लेखी नोंदवावी लागतात. ‘तेव्हाचा वकील बरोबर नव्हता’ हे कारण मी स्वतः एकदोनदा मांडून पाहिलं आहे. फार लांब जात नाही.

अपील कुठे करायचं? जबलपूरला जावं लागतं का?

निकाल कुणी दिला ते बघा. मॅजिस्ट्रेटने दिला असेल तर अपील सेशन कोर्टात. सेशन जज किंवा ॲडिशनल सेशन जजने दिला असेल, किंवा कोणत्याही कोर्टाने सात वर्षांहून जास्त शिक्षा दिली असेल, तर हायकोर्टात. मध्य प्रदेश हायकोर्टाचं मुख्य पीठ जबलपूरला आहे, पण इंदूर आणि ग्वाल्हेरला खंडपीठं आहेत. इंदूरची प्रकरणं एम. जी. रोडवरच्या खंडपीठातच चालतात. देवास, धार, उज्जैन, रतलामचीही इथेच येतात. जन्मठेपेचं अपील दोन न्यायमूर्ती ऐकतात.

मुदत किती?

सेशन कोर्टासाठी ३० दिवस, हायकोर्टासाठी ६० दिवस, शिक्षेच्या तारखेपासून. निकालाची नकल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात, म्हणून नकलेच्या मागे ‘अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी’ अशा तारखांचा शिक्का असतो तो नीट उमटला आहे का बघून घ्या. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, पण प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यावा लागतो. घरात लग्न होतं, हा हिशोब नव्हे.

निकाल हिंदीत आहे. आईला काही कळत नाही. मराठीत मिळेल?

कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि फुकट द्यायची असते. शिवाय ज्या निकालावर अपील होऊ शकतं त्याचं, शक्य असेल तर, आरोपीच्या भाषेत भाषांतर मागता येतं असं कायदा म्हणतो. इंदूरात आजवर कुणी मागितलेलं मी पाहिलं नाही. आपण हिंदी शाळेत शिकलेली माणसं, आपल्याला वाटतं कळतं. पण ‘अभियोजन युक्तियुक्त संदेह से परे प्रमाणित करने में सफल रहा’ (म्हणजे सरकार पक्षाने गुन्हा सिद्ध केला) हे वाक्य सात वर्षांची शिक्षा घेऊन येतं, आणि आई विचारते, ‘सफल झाला म्हणजे आपला मुलगा ना?’ तेव्हा निदान शेवटची चार पानं तरी घरातल्या कुणीतरी बसून तिला मराठीत सांगावीत. तीन गोष्टी शोधा : कोणत्या कलमाखाली दोषी, प्रत्येक कलमाला किती शिक्षा, आणि शिक्षा एकत्र भोगायच्या (‘साथ-साथ चलेंगी’) की एकामागून एक. खटल्याच्या काळात जितके दिवस आत काढले ते शिक्षेतून वजा होतात, तेही शेवटी लिहिलेलं असतं.

अपील टाकलं की भाऊ लगेच बाहेर येईल ना?

अपील टाकलं म्हणून कुणी बाहेर येत नाही. त्यासाठी शिक्षा स्थगित करून जमानत द्या असा वेगळा अर्ज असतो (जुनं कलम ३८९, नवं ४३०).

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि खटल्यात तो जमानतीवर असेल, तर निकाल देणारं कोर्टच अपील करण्यापुरती मुदत देऊन त्याच दिवशी सोडतं. म्हणून निकालाच्या दिवशी जामीनदार, त्याची कागदपत्रं आणि दंडाचे रोख पैसे घेऊन जा. दंड भरला नाही म्हणून शुक्रवारी संध्याकाळी जेलात गेलेले आणि सोमवारी सुटलेले मी पाहिलेत. चूक कुणाचीच नव्हती, फक्त खिशात एटीएम कार्ड होतं आणि बाबूला नोटा हव्या होत्या.

शिक्षा त्याहून मोठी असेल तर प्रश्न वरच्या कोर्टाचा. तिथे कोर्ट काय पाहतं? किती भोगून झाली, अपील लवकर लागण्यासारखं आहे का, खटल्यात जमानतीवर असताना वागणूक कशी होती, जखम कुठे आणि कशाने झाली, आणि निकालात वरवर पाहताही दिसावी अशी चूक आहे का. दोषी धरलेला गुन्हा फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि वरच्या शिक्षेचा असेल तर सरकारी वकिलाला लेखी विरोध करण्याची संधी आधी द्यावी लागते. पहिला अर्ज फेटाळला तर काही काळाने दुसरा करता येतो. दर महिन्याला करू नका, न्यायमूर्तीही माणसं आहेत.

तो बाहेर आला. गल्लीत मिठाई वाटली. म्हणजे तो निर्दोष सुटला का?

हा प्रश्न विचारणारी बाई बहुतेक वेळा दाराशी उभ्यानेच विचारते, बसत नाही.

नाही हो ताई, तो सुटलेला नाही. तो दोषी आहे, निकाल जसाच्या तसा आहे, शिक्षा फक्त थांबवलेली आहे. अपील फेटाळलं की उरलेली शिक्षा भोगायला त्याला परत आत जावं लागतं. मिठाईचं मी काही करू शकत नाही, पण त्या आदेशाची नकल काढून घ्या आणि अटी वाचा. अमुक तारखेला कोर्टात हजेरी, फरियादीशी संपर्क नको, धमकी नको, असं बरंच काही असतं. अट मोडली तर जमानत रद्द करण्याचा अर्ज सरकारी वकिलामार्फत होतो. त्यासाठी ‘तो येऊन शिव्या देऊन गेला’ एवढं पुरत नाही. पोलीस थान्यात लेखी अर्ज, त्याची पावती, फोनवरचे मेसेज तारखेसह, हे लागतं. रात्री-बेरात्री ११२ वर फोन केला तर त्याचीही नोंद राहते. महिलांसाठी १८१ आहे.

आणि एक. शिक्षा स्थगितीच्या अर्जावर तुम्हालाही वकिलामार्फत म्हणणं मांडता येतं. २०२२ मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे. इंदूरात ही गोष्ट अजून निम्म्या फरियादींना माहीत नसते. आदेश झाल्यावर येतात.

निकालात ३२३, ३२५ लिहिलंय, वकील ११५, ११७ म्हणतात. खरं काय?

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुनी भारतीय दंड संहिता, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. साधी मारहाण ३२३ ची ११५(२) झाली, गंभीर दुखापत ३२५ ची ११७(२), घातक हत्याराने किंवा तापलेल्या वस्तूने दुखापत ३२४ ची ११८(१), त्याच रीतीने गंभीर दुखापत ३२६ ची ११८(२), नवऱ्याची व सासरची क्रूरता ४९८-ए ची ८५, आणि खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९. आपल्याकडच्या एफआयआरमध्ये २९४ (अश्लील शिवीगाळ), ३२३, ५०६ (धमकी) हे त्रिकूट तर इतकं ठरलेलं होतं की मुन्शी विचारायच्या आधी टाइप करायचा.

आकड्यांपलीकडे काही ठिकाणी खरोखर बदल झाला आहे. साध्या मारहाणीचा दंड हजारावरून दहा हजारांपर्यंत गेला. ३२६ ला किमान शिक्षा नव्हती, ११८(२) ला किमान एक वर्ष आहे. वीस दिवस असह्य वेदना किंवा रोजचं काम करता न येणं म्हणजे गंभीर दुखापत होती, आता पंधरा दिवस. जुन्या गुन्ह्याला नवी, जास्त कडक शिक्षा लागत नाही.

हाड मोडलं की नाही, हत्यार काय होतं, यावर अपिलात एवढा कीस का काढतात? मारलं ते मारलं ना?

कारण एका वर्षाची शिक्षा आणि दहा वर्षांची शिक्षा यांच्यामध्ये बहुतेक वेळा एवढंच असतं. हाड किंवा दात तुटला की दुखापत ‘गंभीर’ होते. पण तुटलं हे कुणी सिद्ध केलं? एमवायमध्ये (इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात) पहिला मुलाहिजा करणारा डॉक्टर लिहितो, ‘फ्रॅक्चरची शंका, एक्स-रे करावा’. शंका म्हणजे पुरावा नव्हे. एक्स-रे काढला का, त्याचा रिपोर्ट देणारा डॉक्टर साक्षीला आला का, प्लेट रेकॉर्डला लागली का? यातलं एक गळलं तर ३२५ चं ३२३ होतं, आणि घरचे म्हणतात जजने पैसे खाल्ले. पैसे कुणी खाल्लेले नसतात. त्या दिवशी एक्स-रेची खोली बंद झालेली असते आणि बाई दुसऱ्या दिवशी परत गेलेली नसते.

एक प्रकरण सांगते, ओळख लागू नये इतपत बदलून. बाई मूळची आपलीच, घरात मराठी, कोर्टात हिंदी बोलायची, पण घाबरली की मराठीत घसरायची. नवऱ्याने तव्यावरचं तापलेलं उलथनं तिच्या दंडाला लावलं होतं. बयानात ती आधी ‘उलथनं’ म्हणाली, मग कुणी विचारलं म्हणून ‘पलटा’ म्हणाली. ‘गरम पलटे से मारा’. टाइप झालं ते ‘पलट कर मारा’. म्हणजे उलथनंही गेलं आणि ‘गरम’ही गेलं, राहिलं काय, तर तो वळला आणि त्याने मारलं. साक्षीदाराला बयान वाचून दाखवायचं असतं आणि चूक असेल तर तिने तिथेच सांगायचं असतं. पण मुलाची शाळा सुटायची वेळ झाली होती. तिने प्रत्येक पानाखाली सही केली.

निकाल ३२४ खाली लागला, दोन वर्षं. अपिलात त्याच्या वकिलांनी ते पान उघडून ठेवलं : फरियादी स्वतः कोणत्याही वस्तूचं नाव घेत नाही, मग हे ३२४ कसं? ३२३ म्हणा आणि सोडा. मुद्दा चांगला होता, मी त्यांच्या जागी असते तर मीही तोच घेतला असता. मी तिच्या बाजूने सरकारी वकिलाला मदत करत होते. वाचवलं ते मुलाहिज्याने. डाव्या दंडावर भाजल्याची खूण, चार कोपऱ्यांची, एक कड जास्त खोल, लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि खाली हाताने काढलेली छोटी आकृती. ती आकृती काढणं कुणी सांगितलेलं नव्हतं, डॉक्टरने आपणहून काढली होती. जप्ती पत्रकात ‘एक लोहे का पलटा, लकड़ी का हत्था, हत्था जला हुआ’ होतंच. न्यायाधीशांनी आकृतीवर बोट ठेवून त्याच्या वकिलांना विचारलं, ‘पलट कर मारने से ये बनेगा?’ ३२४ कायम राहिलं.

म्हणून ज्यांचा खटला अजून खालीच चालू आहे त्यांना सांगते : बयानावर सही करण्याआधी ते वाचा. शाळेच्या रिक्षावाल्याला फोन करा, पण वाचा.

घरात मारलं, कुणी पाहिलं नाही. एकटीच्या सांगण्यावर शिक्षा टिकते का?

टिकते. साक्षीदार किती हवेत असा आकडा कायद्यात नाही, आणि जिला स्वतःला लागलं आहे तिच्या बयानाला कोर्ट जास्त वजन देतं, कारण खऱ्या मारणाऱ्याला सोडून दुसऱ्याला गोवण्यात तिला काय मिळणार? अपिलात हल्ला होतो तो विसंगतींवर. एफआयआरमध्ये रात्री नऊ, बयानात साडेनऊ, असल्या फरकाने काही होत नाही. एफआयआरमध्ये सासऱ्याचं नावच नाही आणि दोन वर्षांनी बयानात त्याने केस धरले, हे मात्र जड जातं. अशा प्रकरणांत नवऱ्याची शिक्षा कायम आणि सासू-सासरे सुटले असा निकाल वरचेवर लागतो, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा तो बरोबर असतो.

आता आमचा समझोता झालाय. सून शपथपत्र द्यायला तयार आहे. शिक्षा रद्द होईल?

सावकाश घ्या. ३२३ आणि ३२५ मध्ये राजीनामा (इथल्या कोर्टात त्याचा अर्थ तडजोड) होऊ शकतो. ३२५ ला कोर्टाची परवानगी आधीपासूनच लागते, आणि शिक्षा झाल्यावर तर कुठल्याही कलमात अपिलाच्या कोर्टाची परवानगी लागते. ती मिळाली तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच. ३२६, ३०७ आणि ४९८-ए या यादीत नाहीत.

तिथे सेशन कोर्ट काही करू शकत नाही, हायकोर्टाच्या अंगभूत अधिकाराकडे जावं लागतं. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिक्षा झाल्यानंतरही, अपील चालू असताना, खाजगी स्वरूपाच्या आणि फार गंभीर नसलेल्या गुन्ह्यात समझोत्यावरून कारवाई रद्द होऊ शकते. पण जखम कशी होती, पीडिता खरंच स्वखुशीने आली आहे का, आरोपीचं आधी-नंतरचं वागणं कसं, हे पाहून. खुनाच्या प्रयत्नाबद्दल २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने बजावलं होतं की नुसता समझोता पुरेसा नाही.

नुसतं शपथपत्र तर कोर्टात दिलेलं बयान पुसू शकत नाही. ‘तेव्हा मी रागात बोलले’ असं लिहून आणणाऱ्या सासरच्यांना मी विचारते, मुलाहिजाही रागात होता का?

एक अनुभव आहे, नियम नाही. समझोत्याला आलेली बाई कुठे बसते ते मी बघते. नवरा-सासूच्या मध्ये बसली असेल तर मी सगळ्यांना चहाला बाहेर पाठवते आणि तिला एकटीला विचारते. न्यायमूर्तीही साधारण हेच करतात, म्हणजे तिला रजिस्ट्रारपुढे पाठवून तिचं म्हणणं वेगळं नोंदवून घेतात.

अपील केलं आणि शिक्षा उलट वाढली तर?

आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायला सरकारने वेगळं अपील करावं लागतं आणि तेव्हाही आरोपीला आधी ऐकावं लागतं.

आणि मला ती शिक्षा कमी वाटते. मी अपील करू शकते का?

तीन कारणांसाठी पीडितेला स्वतःचं अपील आहे, ३१ डिसेंबर २००९ पासून : आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी धरला, किंवा भरपाई अपुरी दिली. त्यासाठी आधी परवानगी मागावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं. पण ‘कलम बरोबर, शिक्षा कमी’ यासाठी हे अपील चालत नाही. ते सरकारचं काम. जिल्हा अभियोजन कार्यालयात लेखी अर्ज द्या, वकिलाला रिव्हिजनबद्दल (वरच्या कोर्टाने निकालाची केलेली मर्यादित फेरतपासणी) विचारा, आणि दिवस मोजत राहा.

वकील म्हणतात, ‘अंडरगॉन करून घेऊ’. हे काय?

म्हणजे, दोष मान्य, वाद फक्त शिक्षेवर. जितकी भोगली तितकी पुरे धरा. इंदूर खंडपीठाच्या गलियाऱ्यात हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. घटना दहा वर्षांपूर्वीची, पहिलाच गुन्हा, आता वय झालं, काही महिने आत काढले आहेत, दंड वाढवून फरियादीला द्यायला तयार, अशी मांडणी असते आणि बरेचदा मान्यही होते.

वाईट नाही. पण त्यात दोष कायम राहतो, हे वकिलाने तुम्हाला घसा फोडून सांगितलं पाहिजे. सरकारी नोकरी असेल, किंवा पुराव्यात खरोखर भोक असेल, तर झटपट सुटकेसाठी दोषावरचा युक्तिवाद सोडून देऊ नका. तसंच, किमान शिक्षा ठरलेली असेल त्या कलमात त्याखाली जाता येत नाही.

सरकारी नोकरी आहे. शिक्षा स्थगित झाली, म्हणजे नोकरी वाचली ना?

नाही. दोषसिद्धी झाली की राज्यघटनेच्या कलम ३११(२) च्या परंतुकाप्रमाणे चौकशीशिवायही बडतर्फ करता येतं. शिक्षा थांबली तरी दोष थांबत नाही. दोषालाच स्थगिती मागता येते, पण ती अगदी अपवादाने मिळते, आणि बायकोचा हात मोडल्याच्या प्रकरणात ‘माझी नोकरी जाईल’ हे सांगताना समोरच्या न्यायमूर्तींचा चेहरा मी पाहिला आहे.

पैसे संपले. आता वकील कुठून आणू?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला आणि तुरुंगातल्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. जिल्ह्यात जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण, हायकोर्टात त्यांची वेगळी समिती, फोन १५१००. आतला माणूस जेल अधीक्षकामार्फत थेट अपील पाठवू शकतो, त्याला जेल अपील म्हणतात. मोफत वकील वाईटच असतो हा समज सोडा. महागडा चांगलाच असतो, हाही.

पेशीला वकील आलाच नाही तर अपील खारीज होतं का?

दाखल करून घेतलेलं फौजदारी अपील केवळ वकील गैरहजर म्हणून फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून पक्कं केलं आहे. कोर्टाला रेकॉर्ड पाहून निर्णय द्यावा लागतो. पण तुमच्या बाजूने बोलायला कुणी नसताना दिलेला निर्णय तुम्हाला आवडेलच असं नाही. तारीख स्वतः बघत चला : मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, निकालावर छापलेला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाका. किती वर्षं लागतील ते मला विचारू नका. आरोपी आत असेल तर लवकर लागतं, बाहेर असेल तर फाइल मुरत राहते.

अपील चालू असताना आरोपी वारला तर?

अपील तिथेच संपतं, दंडापुरतं सोडून. मात्र कैदेच्या शिक्षेत कलंक पुसायचा असेल तर जवळचे नातेवाईक ३० दिवसांत ते पुढे चालवायची परवानगी मागू शकतात : आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण आणि पती-पत्नी. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने जिला मारलं तीही मागू शकते. एकीने विचारलंही होतं, पेन्शनसाठी.

भरपाई कधी हातात येते?

दंडातून द्यायची रक्कम अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत मिळत नाही. त्यावर अवलंबून राहू नका. पीडित प्रतिकर योजनेचा अर्ज जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात वेगळा करता येतो.

अपिलात तो सुटला. घरगुती हिंसाचार कायद्यातला माझा संरक्षणाचा आदेश गेला का?

आपोआप जात नाही. २००५ च्या त्या कायद्याचं प्रकरण स्वतंत्र आहे, त्यात पुराव्याची कसोटीही इतकी कडक नाही. तो आदेश रद्द किंवा बदलून घ्यायचा असेल तर त्याला त्याच कायद्यातून जावं लागेल. तोवर मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राहत्या घराचा आदेशही तसाच चालू राहतो. कुलूप बदलायची घाई त्याने करू नये.

सेशन कोर्टाने अपील फेटाळलं. आता?

दुसरं अपील नाही. हायकोर्टात ९० दिवसांत रिव्हिजन होते, तिचा आवाका अपिलापेक्षा अरुंद; आणि सहसा आधी हजर होऊन आत जावं लागतं, मग शिक्षा स्थगितीचा अर्ज. हायकोर्टानेही फेटाळलं तर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका. तिथे पुराव्याचा कीस पुन्हा काढला जाईल अशी आशा कुणी दाखवली तर फीची पावती मागा.

पोलिसांनी जप्त केलेलं सामान परत मिळतं का?

निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘जप्तशुदा संपत्ति’ म्हणून लिहिलेलं असतं. तो आदेश सहसा दोन महिने, आणि अपील झालं तर अपील संपेपर्यंत अमलात येत नाही. मधल्या काळात हवी असलेली वस्तू सुपुर्दनाम्यावर मागता येते. कोर्ट म्हणेल तेव्हा परत आणून दाखवण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. मोबाइल असेल तर बिल किंवा डब्यावरचा नंबर शोधून ठेवा, त्याशिवाय मालखान्यातून हलत नाही. उलथन्याच्या प्रकरणातल्या त्या बाईने असाच अर्ज केला होता, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो फोनमध्ये होते म्हणून. फोन मिळाला, पण तो चालू होईना. सराफ्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतला, आणि फोटो निघाले.